अपिलाची हुकलेली मुदत आणि सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतन

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी हे गाव आपली परंपरा नावातूनच सांगते. पिढ्यान्‌पिढ्या येथील तरुण सैन्यात दाखल होत आले आहेत. गडहिंग्लज, चंदगड या तालुक्यांतील अनेक गावांचीही अशीच ख्याती असून, बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राशी या साऱ्या परिसराचे जुने नाते आहे. सेवा संपवून गावी परतणाऱ्या जवानांपैकी काहीजण अपंगत्व घेऊन परततात. त्यांच्यासाठी अपंगत्व निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. परंतु मागणी नाकारणारे पत्र घरी येते, अपिलाची मुदत उलटून जाते आणि ‘आता काही होणे नाही’ असे समजून कागद ट्रंकेच्या तळाशी जातो. ही समजूत अर्धीच खरी आहे. मुदत हुकल्याने नुकसान होते हे खरे. पण मुदत हुकली म्हणजे हक्क संपला, असे मात्र नेहमीच नसते.

मुदती कोणत्या?

सर्वसाधारण नियमानुसार अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले अथवा सेवेमुळे बळावलेले असावे आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असावे लागते. वैद्यकीय मंडळाच्या अभिप्रायावरून मागणी नाकारली गेल्यास प्रथम अपील समितीकडे आणि तेथेही नकार मिळाल्यास दुसऱ्या अपील समितीकडे दाद मागता येते. या अपिलांची मुदत सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची असते. त्यानंतरचा मार्ग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा. २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ मध्ये कार्यरत झाले व त्याचे एक खंडपीठ मुंबई येथे आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत तेथे अर्ज करावयाचा असतो. अपील करून सहा महिने लोटले तरी निर्णय मिळाला नाही, तर त्यापुढील सहा महिन्यांत अर्ज करता येतो.

येथे महिना म्हणजे पंचांगाचा महिना नव्हे, तर इंग्रजी दिनदर्शिकेचा महिना होय. आदेशाचा दिवस मोजावयाचा नसतो. १० जानेवारीच्या आदेशावर १० जुलैपर्यंत अर्ज करता येईल.

मुदत का हुकते?

बहुतेक वेळा कारण आळस हे नसते. निवृत्त जवान पुण्यामुंबईस सुरक्षारक्षकाची नोकरी करीत असतो आणि पत्र गावच्या पत्त्यावर येते. पत्राची भाषा इंग्रजी असल्याने घरातील मंडळींस ते नकाराचे आहे की केवळ पोच आहे, हे उमगत नाही. कधी आजारपण आड येते, तर कधी पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोळ तालुक्यात घरे पाण्याखाली गेली, तेव्हा धान्याबरोबर कागदपत्रेही भिजून गेली.

याहून घातक एक चूक आहे, ती निवेदनांची. नकार आल्यावर अपील न करता पुढाऱ्यांना, मंत्र्यांना व वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकामागून एक निवेदने पाठविली जातात. प्रत्येकाचे पोचपत्र येते आणि प्रकरण चालू आहे असे वाटते. परंतु नियमात नसलेल्या निवेदनाने अपिलाची मुदत थांबत नाही किंवा नव्याने सुरूही होत नाही.

उशीर माफ होतो, पण कसा?

मुदतीत न येण्यास पुरेसे कारण होते अशी खात्री पटल्यास न्यायाधिकरण उशिरा आलेला अर्जही स्वीकारू शकते. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या पाचव्या कलमातही हेच तत्त्व आहे. १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाचा उदार अर्थ लावला. उशिरा येण्यात पक्षकाराचा सहसा काही लाभ नसतो, आणि दार प्रारंभीच बंद केल्यास रास्त मागणीही ऐकली न जाता फेटाळली जाते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. त्या प्रकरणात उशीर झाला होता तो शासनाच्याच अपिलाला, चार दिवसांचा. शासनाला जी सवलत मिळाली, ती सामान्य अर्जदारासही मागता येते, हे अधिकाऱ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

मात्र पुरेसे कारण नुसते सांगून भागत नाही, ते दाखवावे लागते. पत्र उशिरा मिळाले असेल तर टपालाचा शिक्का असलेला लिफाफा, आजारपण असेल तर रुग्णालयाचे कागद, पुरात दप्तर गेले असेल तर त्या वेळच्या पंचनाम्याची प्रत जोडावी. विलंब माफीचा अर्ज शपथपत्रासह आणि मूळ अपिलासोबतच द्यावा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणती अडचण होती, ते क्रमाने लिहावे. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत जवळ नसल्यास माहितीच्या अधिकारान्वये ती मागावी. पण तिची वाट पाहत अपील थांबवू नये. अडचण दूर झाल्यानंतर गेलेल्या प्रत्येक आठवड्याचा खुलासा करणे अधिकाधिक कठीण होत जाते.

एका खटल्याचा धडा

केंद्र सरकार विरुद्ध तरसेम सिंग हा २००८ चा निर्णय या संदर्भात महत्त्वाचा आहे. या जवानास १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सैन्यातून मुक्त करण्यात आले. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी त्याने उच्च न्यायालयात धाव घेतली ती १९९९ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. निवृत्तिवेतन दरमहा देय असल्याने ते न मिळणे हा दरमहा घडणारा अन्याय आहे. म्हणून केवळ उशिराच्या कारणावरून अशी मागणी फेटाळता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. परंतु मागील थकबाकी सर्वसाधारणपणे याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच द्यावी, असेही ठरविले. पुढचे निवृत्तिवेतन वाचले, पण मागील सुमारे तेरा वर्षांची रक्कम गेली. उशिरा जाणाऱ्याने आशा सोडू नये आणि त्याच वेळी एक दिवसही दवडू नये, या दोन्ही गोष्टी हा एकच निर्णय शिकवितो.

गावातील इतर लाभ

हीच दक्षता नागरी लाभांबाबतही हवी. १९८० पासून चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांबाबत नकार आल्यास तो लेखी व सकारण घ्यावा. प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ५९ व्या कलमात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवांबाबत पहिले अपील ३० दिवसांत करावयाचे असते. पुरेसे कारण असल्यास अपवाद म्हणून ते ९० दिवसांपर्यंत स्वीकारता येते. त्यापलीकडे मात्र त्या अधिकाऱ्यासही सवलत देता येत नाही. म्हणून कोणती मुदत वाढू शकते आणि किती, हे आधी पाहणे अगत्याचे ठरते.

कार्यालयाचे आणि गावाचे काम

लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अर्ज नाकारताना कारणे लेखी नोंदवून अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे नाव, पदनाम व पत्ता कळविणे पदनिर्देशित अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. या दोन ओळी आदेशात स्पष्ट मराठीत आल्या, तर पुढचे कितीतरी विलंब टळतील. पंचायत सदस्यांनी गावातील माजी सैनिक व दिव्यांग कुटुंबांकडे असे पत्र आले आहे काय, याची चौकशी ठेवावी. शिक्षकांनी इंग्रजी पत्राचा अर्थ समजावून द्यावा, ते मिळाल्याची तारीख त्यावर लिहावी आणि अखेरची तारीख घरातील दिनदर्शिकेवर खूण करून दाखवावी.

मार्गदर्शनासाठी कोल्हापूर येथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी करता येते.

सीमेवर ज्याने पहाऱ्याची वेळ कधी चुकविली नाही, त्याचा हक्क गावी परतल्यावर एका न वाचलेल्या पत्रापायी बुडू नये. ट्रंकेतला तो कागद बाहेर काढून त्यावरील तारीख वाचणे, हेच या कामातील पहिले पाऊल होय.