राखणीचे कुत्रे घरात घाण करू लागल्यास

शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला कुत्र्याशिवाय चालत नाही. गोठ्याची, शेळ्यांची व उभ्या पिकाची राखण तेच करते. मात्र चार-पाच वर्षे नीट वागलेले कुत्रे अचानक ओसरीवर, धान्याच्या पोत्यांजवळ किंवा कडब्याच्या गंजीवर घाण करू लागले की घरचे लोक त्याला मारतात, नाही तर दूर नेऊन सोडतात. या दोन्हींनी प्रश्न सुटत नाही. मोठे कुत्रे लागलेली सवय मोडते तेव्हा बहुधा आजार, भीती किंवा बदललेला दिनक्रम यांपैकी काहीतरी कारण असते. ते शोधून उपाय केल्यास बरीचशी कुत्री पुन्हा पूर्ववत वागू लागतात.

घाणीपासून होणारे नुकसान

हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी वैरणीत व पाण्यात मिसळतो आणि त्यामुळे गाभण गाई-म्हशी गाभडतात. विष्ठेतील गोल जंतांची अंडी मातीत अनेक महिने टिकतात व अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. कंदुरीच्या किंवा जत्रेच्या वेळी शेळ्या-मेंढ्यांची गाठी असलेली काळीज-फुफ्फुसे कुत्र्यांपुढे टाकली जातात. ती कच्ची खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात व फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या हायडॅटिड गाठी होतात. अनेकदा त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. लेप्टोस्पायरोसिस हा आजार कुत्र्याच्या लघवीतूनही पसरतो.

आधी आजार तपासावा

सवय लावण्याच्या मागे लागण्यापूर्वी खालील लक्षणे पाहावीत.

1) वारंवार थोडी थोडी लघवी, कुंथणे किंवा लघवीत रक्त : मूत्राशयाचा दाह किंवा खडा. नर कुंथूनही लघवी होत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

2) पाणी व लघवी दोन्ही वाढणे : 20 किलो वजनाचे कुत्रे दिवसाला साधारण एक ते सव्वा लिटर पाणी पिते. कडक उन्हाळा नसताना रोज दोन लिटरच्या वर पाणी लागत असेल तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. पाणी मोजून ठेवावे, परंतु तोडू नये.

3) माजानंतर एक-दोन महिन्यांत मादी सुस्त होणे, जास्त पाणी पिणे, योनीतून पू येणे : गर्भाशयात पू झाल्याचे हे लक्षण आहे. उशीर झाल्यास मादी दगावते.

4) झोपेत लघवी गळणे : वयस्क किंवा शस्त्रक्रिया केलेल्या मादीत आढळते. औषधाने बहुधा आटोक्यात येते.

5) पातळ विष्ठा : जंत, शिळे अन्न किंवा आहारातील अचानक बदल.

6) म्हातारे कुत्रे उठताना कण्हणे : सांधेदुखीमुळे ते बाहेर जाण्याचे टाळते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांमुळे कुत्र्याच्या पोटात जखमा होतात व मूत्रपिंड निकामी होते.

सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. अधिक तपासणीसाठी परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

सावधान : वागणे एकाएकी बदलले, लाळ गळते, गिळता येत नाही, अकारण चावते, अशी लक्षणे असल्यास कुत्र्याला हात लावू नये. तो रेबीज असू शकतो. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

दिनक्रमातील बदल

आजार नसेल तर घरात काय बदलले ते आठवावे. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या कुत्र्याला वेळेवर सोडायला कोणी नसते. फडावर नेलेले कुत्रे कोपीभोवती कोठेही बसते व तीच सवय घेऊन घरी येते. दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याचा तर नाइलाजच होतो.

नर पाय वर करून खांबावर, पोत्यावर थोडीशी लघवी करतो ती हद्द दाखवण्यासाठी. खच्चीकरणाने ही खोड बऱ्याच नरांमध्ये कमी होते. अंग चोरून जागीच लघवी करणारे कुत्रे भ्यालेले असते. त्याला रागावल्यास खोड वाढते.

सवय पुन्हा कशी लावावी

• पहाटे, दोन्ही वेळच्या जेवणानंतर 15 ते 30 मिनिटांनी व रात्री झोपण्यापूर्वी कुत्र्याला दोरीने धरून एकाच ठरलेल्या जागी न्यावे.

• तेथे बसल्याबरोबर चुचकारून भाकरीचा तुकडा द्यावा. घरी आल्यावर दिल्यास त्याला संबंध कळत नाही.

• भाकरी-दूध ठरलेल्या वेळीच द्यावे. दिवसभर तुकडे टाकू नयेत.

• घरात बसताना दिसल्यास टाळी वाजवून लगेच बाहेर न्यावे. घाण नंतर दिसल्यास काही करू नये. नाक घासल्याने किंवा मारल्याने ते एवढेच शिकते की मालकासमोर बसू नये. मग ते गंजीआड बसते.

• दोन-तीन आठवडे हा क्रम मोडू नये.

जागेची सफाई

वास राहिला की कुत्रे त्याच जागी परत येते. सारवलेल्या जमिनीवर नुसते वरून सारवू नये. भिजलेली माती खरवडून काढावी, नवी माती चोपावी व मग सारवावे. फरशी कपड्याच्या साबण-पावडरीने धुऊन उन्हात किंवा वाऱ्यावर वाळू द्यावी. विष्ठा रोज फावड्याने उचलून विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरावी. हात साबणाने धुवावेत. घाण झालेली वैरण जनावरांना घालू नये.

जंतनिर्मूलन व लसीकरण

मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी वजनानुसार जंतनाशक द्यावे. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल हे औषध किलोमागे 5 मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यास ते अधिक वेळा लागते, म्हणून पशुवैद्यकाला विचारावे. शेळ्या-मेंढ्यांचे औषध अंदाजाने पाजू नये. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांची विष्ठा आठवणीने पुरावी. कापलेल्या जनावराची गाठी असलेली काळीज-फुफ्फुसे जाळावीत किंवा खोल पुरावीत. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

सोडून दिलेले कुत्रे दुसऱ्या गावात उपाशी फिरते, रोग पसरवते आणि आपली वस्ती राखणीविना राहते. त्यापेक्षा एक फेरी दवाखान्याची व तीन आठवड्यांची शिस्त पशुपालकाला निश्चितच स्वस्त पडते.