परसातील कोंबड्या आणि मानमोडी

परसात दहा-बारा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबास खाद्याचा खर्च फारसा येत नाही. उकिरड्यावरील किडे, सांडलेले धान्य व खरकटे यांवर त्या पोसतात. खुडूक कोंबडी २१ दिवसांत पिले काढते. अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या स्त्रीच्या हाती राहतो, हे विशेष. मुंगसापासून खुराडे राखता येते; मानमोडी शिरली, तर ते थोड्याच दिवसांत रिकामे होते. तिच्यावर लस आहे व ती स्वस्तही आहे. परंतु एका कुपीत साधारणतः १०० किंवा अधिक मात्रा असतात आणि द्रावण तयार केल्यावर ते दोनेक तासांत संपवावे लागते. दहा पक्ष्यांसाठी कुपी कोण फोडणार? यास्तव वाडीतील सर्व घरांनी एकच दिवस ठरवून, पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी, पक्ष्यांना लस टोचून घ्यावी.