नजरेआडचे काम

नोकरीत नव्याने प्रवेश करणाऱ्या तरुणाला वक्तशीरपणा, प्रामाणिकपणा आणि उत्साह या गुणांचा उपदेश सर्वत्र केला जातो. कारखान्यांच्या भिंतींवर तशी वचनेही रंगवलेली आढळतात. परंतु या गुणांची खरी कसोटी वरिष्ठांच्या समोर लागत नाही. कोणी पाहत नसताना मनुष्य आपले काम कसे करतो, आणि ते चांगले का करतो, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. त्याचा विचार करण्यासाठी भारतीय रेल्वेतील एका साध्या पदाकडे, की-मॅनकडे, पाहणे उपयुक्त ठरेल.

लोहमार्गाच्या देखभालीसाठी कामगारांच्या टोळ्या असतात आणि प्रत्येक टोळीकडे मार्गाचा काही किलोमीटरांचा ठरावीक पट्टा सोपवलेला असतो. टोळीवर मुकादम असतो. की-मॅन हा या कामगारांपैकीच एक अनुभवी मनुष्य. (ज्यांना पूर्वी गँगमन म्हणत त्यांना आता ट्रॅक मेंटेनर असे अधिकृत नाव आहे, अंगमेहनत मात्र नावाबरोबर नाहीशी झालेली नाही.) टोळी एके ठिकाणी काम करीत असताना हा एकटाच संपूर्ण पट्टा पायी तपासतो. जाताना एका बाजूने जायचे, परतताना दुसऱ्या बाजूने यायचे, असा नियम आहे. हातोडा, पाना, लाल व हिरवी निशाणे आणि रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके एवढे साहित्य त्याच्याजवळ असते.

आता थोडा हिशेब करू. मुख्य मार्गावर एका किलोमीटरमध्ये साधारणतः १,६६० काँक्रीटचे स्लीपर असतात, आणि प्रत्येक स्लीपरवर रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या चार पोलादी क्लिपा. म्हणजे सहा किलोमीटरांच्या एकेरी मार्गावर त्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात जाते. त्यांपैकी एखाद्या सैल क्लिपेकडे त्याने दुर्लक्ष केले, तर त्या दिवशी काहीही घडत नाही. बहुधा दुसऱ्या दिवशीही घडत नाही. निष्काळजीपणाला येथे तत्काळ शिक्षा नाही आणि दक्षतेला बक्षीस तर मुळीच नाही. जी गाडी सुखरूप निघून गेली, तिच्यातील प्रवाशांना आपण कशातून वाचलो हे कधी कळतही नाही.

अशा कामावरची निष्ठा केवळ स्वभावातून येते असे मानणे चूक ठरेल. कामाचे कारण समजणे हा तिचा पहिला आधार होय. थंडीत पोलाद आकुंचन पावते, म्हणून रूळ तडकण्याचे, विशेषतः जोडाजवळ तडकण्याचे, भय रात्री व पहाटे अधिक असते. उन्हाळ्यात भर दुपारी तोच रूळ प्रसरण पावून बाजूला वाकू शकतो. खडीतून वर येणारा चिखल हे खालच्या थरात पाणी तुंबल्याचे चिन्ह असते. हे ज्याला कोणी समजावून दिलेले नाही तो कामगार पट्टा चालून येईल, परंतु त्याला दिसेल फारच थोडे. ज्याला समजले आहे त्याची नजर ऋतूप्रमाणे बदलते.

दुसरा आधार अधिकाराचा. रूळ तुटलेला आढळला, तर ब्रॉडगेज मार्गावर त्या जागेपासून ६०० मीटरांवर एक आणि १,२०० मीटरांवर, दहा-दहा मीटरांच्या अंतराने, तीन फटाके ठेवून त्याने गाडी थांबवावी असा नियम आहे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नसते. वेतनश्रेणीच्या खालच्या पायऱ्यांवर असलेल्या मनुष्याला शेकडो प्रवाशांची गाडी रोखण्याचा हक्क असावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मात्र शंका खोटी ठरल्यावर, गाडीला उशीर झाला म्हणून त्याला खडसावले गेले, तर पुढल्या वेळी त्याचा हात कचरेल. तो दोष त्याच्या वृत्तीचा नसतो.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि उपदेश करणारे बहुधा तिच्याविषयी मौन बाळगतात. धुक्यात, वळणावर किंवा शेजारच्या मार्गावरील गाडीच्या खडखडाटात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. लोहमार्गावर काम करताना कामगार गाडीखाली सापडल्याच्या घटना घडत आल्या आहेत. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात कामावर मृत्यू पावणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. चांगले बूट, विजेरी, पुरेशी विश्रांती आणि गाडीची वेळेवर सूचना यांविना उत्साहाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

डोंगराळ मुलखात ही जबाबदारी आणखी कठीण होते. कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ २२ जून २००३ च्या रात्री दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे दगावली. तेथे पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि धोक्याच्या कटिंगांवर रात्रंदिवस गस्त घातली जाते. भर पावसात, अंधारात, एका विजेरीच्या उजेडात दरडीकडे पाहत चालणाऱ्या त्या मनुष्याची साक्ष द्यायला तेथे दुसरे कोणी नसते.

अलीकडच्या वर्षांत अशा अनेक कर्मचाऱ्यांजवळ उपग्रहाच्या साहाय्याने ठावठिकाणा कळवणारी उपकरणे दिली गेली आहेत. संकटात मदत मागवण्यासाठी ती उपयोगी आहेतच. कोण किती चालला हे त्यांवरून कार्यालयात समजते. चालताना त्याने खाली पाहिले की नाही, हे समजत नाही.

की-मॅनच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी दुसरा जाणता कामगार त्याच्या जागी पट्टा तपासतो. त्याच्या हाती हातोडा आणि निशाणे देताना जुना मनुष्य चार गोष्टी सांगतो : अमुक खांबाजवळचा जोड जरा पाहा, पुलाअलीकडे पाणी मुरते आहे, तिथल्या दोन क्लिपा परवा पुन्हा ठोकल्या आहेत. नवा मनुष्य ते मनात ठेवतो आणि चालू लागतो.