वजनावर भुलू नकोस

निपाणी

चि. बाळास,

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून तू आता मंडपमला जाणार, तिथं कप्पाफायकस या लाल शेवाळाला खतं किती लागतात ते बघणार, हे वाचून आनंद झाला. आपण उसावर सागरिका हे द्रवखत फवारतो, त्यातही लाल शेवाळाचा रस असतो. म्हणजे घरचंच काम म्हणायचं.

एका साली मी भरणी झाल्यावरही उसाला युरिया देत राहिलो, हे तुला आठवत नसेल. पान काळंभोर, ऊस मनगटाएवढा. गुऱ्हाळावर गुळव्यानं काहिलीतला पाक थंड पाण्यात सोडून बघितला, तर गोळीच बांधेना. ढेपा काळपट झाल्या नि पाझरायला लागल्या. ऊस वजनाला भरला होता, गूळ मात्र गेला.

शेवाळाचंही तसंच आहे, बाळ. ज्या कॅराजिननसाठी ते लावतात, ती साखरेच्या जातीची वस्तू. तिच्यात नत्र नसतं. नत्र मुबलक मिळालं की शेवाळ फांद्या फोडतं, प्रथिनं करतं आणि कॅराजिननचं प्रमाण सहसा उतरतं. नत्राची ओढ बसली की वाढ मंदावते, पण कॅराजिनन साठतं. म्हणून ४५ दिवसांनी शेवाळ बांधलेला तराफा काढशील तेव्हा ओल्या वजनावर थांबू नकोस. वाळवून तोल, कॅराजिनन किती निघालं तेही शेजारी लिही.

उपाशी शेवाळ आधी रंगावरून ओळखू येतं. त्याचं लाल रंगद्रव्य हा नत्राचा साठाही असतो. नड आली की ते तोच मोडून खातं नि पिवळट पडतं. पण फांदी पांढरी, मऊ होऊन तुटायला लागली तर तो आइस-आइस रोग. पाणी तापलं, पावसानं खारेपणा उतरला, तरीही तो येतो. तेव्हा फिकट दिसलं की युरिया, ही आपल्याकडची खोड तिकडं नेऊ नकोस. उघड्या समुद्रातलं खत वाहून जातं. टाकीत जास्त झालं तर हिरवं शेवाळ दोरीवर चढतं, आपल्या पिकाचा उजेड अडवतं. द्यायचंच तर टाकीत खताच्या पाण्यात शेवाळ काही तास बुडवून दे. ते नत्र साठवून पुढं त्यावर वाढतं.

आणि पाणी हलतं कुठं ते बघ. पाणी थबकलं की फांदीला चिकटून असलेल्या पाण्यातलं अन्न संपतं, नवं लवकर पोचत नाही. तराफ्याच्या कडेची नि मधली फांदी वेगवेगळी तोलून मला कळव.

तुझा,
मामा