खरा नफा कोणता?

एका कारखान्यांत एक लक्ष रुपये भांडवल गुंतलें व वर्षाअखेर ९,००० रुपये नफा झाला. तेंच भांडवल तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या धंद्यांत १०,००० रुपये मिळवितें, तर येथें वस्तुतः १,००० रुपयांचें मूल्य घटलें. भांडवलाचें व्याज वजा जातां उरेल तीच चालकाची कमाई, असें अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांनीं १८९० सालींच म्हटलें. मूल्याधिष्ठित व्यवस्थापनाचें हेंच मूळ होय.

परंतु एकाच वर्षाचा हिशेब फसवितो. १९६६ सालीं पिंपरीस टेल्कोचा, म्हणजे पुढें टाटा मोटर्स झालेल्या कंपनीचा, कारखाना आरंभितांना सुमंत मूळगावकर यांनीं यंत्रनिर्मिति, उमेदवारांचें शिक्षण व वृक्षारोपण यांस अग्रस्थान दिलें. त्या वर्षाच्या ताळेबंदांत तो खर्च निष्फळच दिसला असता. कुशल हात मात्र त्यांतूनच घडले. तात्पर्य, माप कडक असावें, पण दृष्टि दूरची असावी.