जोडून सुट्टी: लोणावळा की फोर्ट?

प्रश्न: शनिवार ते सोमवार सलग सुट्टी आहे. ठाण्याहून लोणावळ्याला जावं की मुंबईच बघावी?

उत्तर: मुंबईच, आणि त्यातही फोर्ट. जोडून सुट्टी आली की खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते. फोर्ट मात्र कचेऱ्यांचा भाग, तो नेमका तेव्हाच ओस पडतो. ओव्हल मैदानात उभं राहिलं की पूर्वेला उच्च न्यायालय आणि १८७८मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर, पश्चिमेला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारती. समोरासमोरच्या या दोन काळांना युनेस्कोनं २०१८मध्ये एकत्रच जागतिक वारसा ठरवलं. बंद इमारती बाहेरून काय बघायच्या, असं कुणी म्हणेल. पण गॉथिक शैलीची खरी मौज दर्शनी दगडातच असते. राजाबाई टॉवरवरचे निरनिराळ्या समाजांचे पुतळे बघायला दार उघडावं लागत नाही, मान तेवढी दुखते. उन्हाची तक्रार मात्र रास्त आहे. म्हणून सकाळी लवकर निघा आणि दुपार फोर्टमधल्याच, १९२२पासून खुल्या असलेल्या वस्तुसंग्रहालयात काढा. हे सगळं शनिवारीच उरका, कारण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. घारापुरीलाही जायचं असेल, तर ते सोमवारवर ढकलू नका. त्या दिवशी तिथली लेणी बंद.