भाकरी आणि पाटी : महाडच्या एका ठरावाचा अभ्यास

महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने (कुलाबा म्हणजे आपलाच रायगड; हे नाव १९८१ पासूनचे) तळ्यावर जाण्यापूर्वी काही ठराव केले होते. तिकडे आपले विद्यार्थी सहसा वळत नाहीत. सरकारकडे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणि वसतिगृहांना साहाय्य मागितले होते. स्पृश्य समाजाला केलेल्या विनंत्यांत एक अगदी साधी होती : अस्पृश्य विद्यार्थ्यांना जेवण द्यावे.

ही मागणी नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून शिकत; सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. आपल्या मुलांना कोणते दार उघडे होते? शाळेत नाव घातले तरी परगावी खायचे काय, हा प्रश्न फीच्याही आधी उभा राही. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, ते याच गरजेतून.

ठरावाला उत्तर लगेचच मिळाले. लोक पाणी पिऊन मंडपाकडे परतले, तोच आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. जमाव चालून आला. जेवत्या माणसांना मारले, अन्न मातीत मिसळले. पाणी बाटल्याची तक्रार करणाऱ्यांनी अन्नाचे काय केले, हेही इतिहास शिकताना लक्षात ठेवावे.

आपल्या पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे साताऱ्यास जाता येते. तेथे १९२४ पासून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत होती. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढे घरोघरी मूठभर धान्य बाजूला ठेवून मुष्टिफंड उभा राहिला. घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच काळात!

शैक्षणिक निधीसाठी वर्षातून एकदा सामुदायिक नाश्ता ठेवतात, त्याकडे आम्ही या दृष्टीने पाहतो. १९२७ साली जे दुसऱ्याच्या दारी मागावे लागले, ते आता समाज स्वतः उभे करतो. मात्र बँकेत आकडे मांडणाऱ्यांची सवय म्हणून थोडे सांगतो. पोहे, तेल, साखर, चहापत्ती सभासदांनी वस्तुरूपाने दिली, तर कूपनाचा रुपया न् रुपया निधीत पडतो. नाहीतर निम्मी रक्कम आचारी आणि मंडपवालाच नेतो. नाश्ता एप्रिलमध्ये व्हावा, कारण प्रवेशाचे पैसे जूनमध्ये लागतात. दिवाळीनंतर आलेली मदत हुकलेल्या प्रवेशाच्या कामाची नाही.

आणि मदत घेणाऱ्या मुलाला व्यासपीठावर उभे करून पाकीट देऊ नये. तो इतरांसारखाच पंगतीत बसावा. रक्कम त्याच्या खात्यात जमा करावी, हिशेब विहाराच्या फलकावर लावावा, नावे लावू नयेत.